निळ्या रेघेपर्यंत

ब्रिजिटबाईंचा फोन आला ऑर्लेमहून.
"तुझं पीनट बटर बिघडलंय गं.
बिस्किटं ट्रेभर पसरतात,
एकीची कड दुसरीच्या पोटात."

दाणे तेच, म्हटलं. चक्की तीच.
मिठाची पुडीसुद्धा त्याच वाण्याची.
पण धंदा आहे, तोंड वाजवून चालत नाही.
वजनकाटा टॉवेलात गुंडाळला, एक बरणी घेतली
आणि कन्नमवार नगरातून रिक्षाने निघाले,
काटा मांडीवर, तान्ह्या बाळासारखा.

ओट्यावर नवे स्टीलचे कप,
एकात एक बसलेले, दांड्यावर ठोकलेलं: २४०.
भाच्याने आणलेत, रॉयस्टनने.
जुना मग खिडकीत, कान तुटका,
त्यात कढीपत्त्याची काडी.
बोटीवरचा मग तो. ऑस्बर्टने आणलेला,
नांगराचं चित्र घासून घासून नुसता आकडा उरलेला.

मी वजनवाली बाई.
घट्ट माल ग्रॅमवर विकायचा, असा कायदा,
आणि बरणीवर मी ग्रॅमच छापते.
ब्रिजिटबाई मापवाल्या.
माझ्या सासरी भात पायलीने मोजत, गूळ शेराने,
आणि शेरही दोन होते, एक मापी, एक वजनी,
एका घरात राहून न बोलणाऱ्या भावांसारखे.

काडी काढली, मग धुतला.
काट्यावर ठेवला, शून्य केलं, काठोकाठ पाणी.
दोनशे बारा.
पाणी बरं असतं. जितकं माप तितकं वजन,
मनात काही ठेवत नाही.
मग बटर. आधी ढवळून, कारण तेल वर येतं
आणि वरवरचं घेतलं तर हलकंच भरतं.
चमच्याने दाबत, ओट्यावर आपटत,
आत दडलेली हवा हुसकत.
दोनशे अठ्ठावीस.

रॉयस्टनने मोबाईलवर हिशेब केला:
नव्या कपात दोनशे अठ्ठावन्न. तीस जास्त.
तिसाने इतकं पसरेल? मला पटेना.

ब्रिजिटबाई इतका वेळ गप्प होत्या.
मोतीबिंदूच्या डोळ्याने मगाकडे बघत म्हणाल्या,
"इतकं कशाला भरलंस?"
"कपभर म्हणालात ना?"
"कपभर म्हणजे निळ्या रेघेपर्यंत!
काठापर्यंत चहा तरी ओततं का कोण?"

आतल्या बाजूने, काठाखाली बोटभर,
होती खरी एक निळी रेघ.
चाळीस वर्षं कप तिथे संपत होता
आणि वहीत नुसतं लिहिलेलं: एक कप.

सगळं ओतलं, पुसलं, पुन्हा पहिल्यापासून.
पाणी एकशे चौऱ्याऐंशी.
बटर एकशे अठ्ठ्याण्णव.
म्हणजे साठ ग्रॅम जास्त जात होतं पिठात,
आणि दोष माझ्या दाण्यांना.
मी काही बोलले नाही. बोलायची फार इच्छा होती.

रॉयस्टनने वही ओढली,
'एक कप' खोडून १९८ लिहिलं.
"थांब," बाई म्हणाल्या. "चार कमी कर."
"का?"
"मगाला चिकटलेलं ऑस्बर्ट बोटाने पुसून खायचा.
ते कधी पिठात गेलंच नाही."

मी मग बोटाने पुसून पाहिला.
बोट काट्यावर कसं ठेवायचं?
मगच पुन्हा ठेवला. खरंच, चार.
चार ग्रॅमने बिस्किट ना फुगतं ना बसतं,
हे मला ठाऊक होतं, रॉयस्टनलाही असावं.
तरी त्याने लिहिलं: १९४.

"आणि ते चार?" त्याने विचारलं.
बाई बरणीचं झाकण शोधत होत्या, म्हणाल्या,
"बोट धुतलंयस का?"

निघताना काटा आठवणीने घेतला.
बरणीचे पैसे मात्र राहिले.
दोनशे ग्रॅमची बरणी, आतलं बरंचसं
आपटण्यात, ओतण्यात, पुसण्यात गेलं.
बिल करायचं तर नेमकं किती लावू,
अजून ठरलेलं नाही.